दोनाला दोन

गोडदेव नाक्यावरून भाईंदर स्टेशन गाठायचं, चर्चगेट लोकल पकडायची आणि दुपारपर्यंत रक्ताच्या नळ्या मशीनवर चढवायच्या, हा माझा रोजचा क्रम. त्या एचपीएलसी मशीनला एका नमुन्यासाठी सहा-साडेसहा मिनिटं लागतात. माझी नजर साडेतीन मिनिटांच्या पुढेमागे आलेखावर उमटणाऱ्या छोट्या टेकडीवर असते: हिमोग्लोबिन ए-टू. ती ४ टक्क्यांच्या वर गेली की माणूस बहुधा बीटा थॅलेसेमियाचा वाहक.

सुरुवातीला मी समजायचे, हा काहीतरी कमी पडण्याचा आजार. खरा घात होतो तो उरण्यानं. हिमोग्लोबिनच्या रेणूला दोन अल्फा साखळ्या लागतात आणि दोन बीटा. पण अल्फाची जनुकं चार, बीटाची दोनच! तरी पेशी हिशेब जुळवते. अल्फाचा आरएनए जास्त असतो, तर बीटाच्या आरएनएवर रायबोसोम भराभर चढतात. हीम कमी पडलं तर एक एन्झाइम दोन्हींचं काम थोपवतं. तरीही एखादी अल्फा सुटी राहिली, तर एएचएसपी नावाचं प्रथिन बीटा येईपर्यंत तिला धरून ठेवतं. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू जुळतात. इतकी वर्षं झाली, पण हे आठवलं की अजून हात जोडावेसे वाटतात.

ही शिस्त जिवाणूतही आहे. ई. कोलायमध्ये एटीपी सिंथेस या एन्झाइमच्या आठ प्रथिनांचा मजकूर एकाच आरएनएवर असतो. त्यातल्या एकाचे दहा नग लागतात, दुसऱ्याचा एकच. आणि जिवाणू ती जवळपास त्याच प्रमाणात बनवतो, हे २०१४ मध्ये जोनाथन वाइसमन यांच्या गटानं मोजून दाखवलं.

माणसात हा हिशेब चुकून बीटा अपुरी पडली की सुट्या अल्फांचा साका धरतो आणि कोवळी पेशी अस्थिमज्जेतच मरते. उलट अल्फा कमी असेल तर उरलेल्या बीटा चौघी-चौघी जमून निदान विरघळलेल्या राहतात. ब्रिलियंट क्रेसिल ब्लूनं रंगवलेल्या काचपट्टीवर अशा बीटा साठलेल्या पेशी गोल्फच्या चेंडूसारख्या ठिपकेदार दिसतात. आणि बीटा थॅलेसेमियाच्या मुलात अल्फाचंही एखादं जनुक गळालेलं असेल, तर त्याचा आजार बऱ्याचदा सौम्य होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान तीनदा वाचलं होतं.

काल एका गरोदर बाईंचा ए-टू ५.४ निघाला. दोन वर्षं त्या लोहाच्या गोळ्या घेत होत्या. नवराही वाहक नाही ना, हे पाहायला त्याची तपासणी करा, असं कळवलं. आज सकाळी नवऱ्याची नळी आली. मी टेकडी उमटेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. २.८. लगेच आमच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला.