औषधाचा डबा

एखाद्या घराची पारख करायची झाली, तर पाहुण्याने दिवाणखान्याकडे फारसे लक्ष देऊ नये; संधी मिळाल्यास औषधाचा डबा उघडून पाहावा, असे माझे मत आहे. दिवाणखाना लोकांसाठी सजवलेला असतो. डब्यात मात्र घर जसे असेल तसे दिसते. तळाशी चिकटलेली खोकल्याची बाटली, कोणाच्या तापासाठी आणल्या होत्या हे कोणालाच न आठवणाऱ्या चार गोळ्या, टोपण हरवलेली मलमाची नळी, आणि या साऱ्यांत बेवारशी पडलेले सदऱ्याचे एक बटण! आमच्या दारव्ह्यातील घरांतून हा डबा बहुधा असाच आढळतो. पुण्या-मुंबईकडे तो याहून टापटिपीचा असेल, असे मानायला मी तयार नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरी या डब्याची रीतसर तपासणी होते. चिरंजीव एकेका वस्तूवरील मुदत मोठ्याने वाचतात, कन्या बाद झालेली औषधे बाजूला काढते आणि सौभाग्यवती अध्यक्षस्थानावरून निर्णय देते. मी मराठीचा प्राध्यापक पडलो. तेव्हा नव्या वस्तूंची यादी शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे लिहिणे, एवढेच काम माझ्या वाट्याला येते. यादी लहानच असते. निर्जंतुक जाळीपट्ट्या, गुंडाळायची पट्टी, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, पॅरासिटामॉलच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे, तापमापक, कात्री, चिमटा, रबरी हातमोजे आणि कापूस.

“कापूस कशाला विकत आणायचा?” कन्येने एकदा विचारले. प्रश्न रास्त होता. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वऱ्हाडातला हा कापूस वाहून नेण्यासाठीच इंग्रजी अमदानीत मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी निघाली. आमच्या मोतीबाग स्थानकावरून जाणारी ती शकुंतला आता बंद आहे, पण कपाशी गावाच्या वेशीपर्यंत आहेच. तरीही बोंडातला कापूस डब्यात चालत नाही. त्याच्या तंतूंवर मेणाचा सूक्ष्म थर असतो. पाण्यात टाकला तर तो तरंगतो, रक्त टिपीत नाही. क्षारात उकळून ते मेण काढले, म्हणजे तो शोषक होतो. तोही उघड्या जखमेवर नुसता ठेवू नये, तंतू चिकटून बसतात. मध्ये जाळीपट्टी हवी. अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाचे एक गृहस्थ कापूस खरेदीच्या नोकरीत होते. स्वयंपाक करताना पत्नीची बोटे वरचेवर कापत. तिला एकटीला बांधता यावे म्हणून १९२० साली त्यांनी चिकटपट्टीवर जाळीचे तुकडे बसवून ठेवले, आणि त्यातून आजची बॅंड-एड निघाली. कापसाच्या व्यापाऱ्याने बायकोसाठी याहून चांगले काही केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

परंतु आमच्या भागात ‘औषध’ हा शब्द जपून वापरावा लागतो. दवाखान्यातून आणतात तेही औषध, आणि कपाशीवर फवारतात तेही औषधच! २०१७ च्या पावसाळ्यात या दुसऱ्या औषधाने यवतमाळ जिल्ह्यात हाहाकार उडवला. फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले आणि सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दिवसांपासून तो शब्द वर्गात उच्चारतानाही मी क्षणभर थबकतो.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका संध्याकाळी शेजाऱ्यांच्या शेतावरचा गडी आमच्या ओट्यावर येऊन बसला. अंग घामाने चिंब, डोळ्यांना पाणी, तोंडाला लाळ.

“काय झालं रे?” मी विचारले.

“औषद मारलं जी सकाळपासून. आता चक्कर येऊन राह्यली.”

चिरंजीव डबा घेऊन धावले. पट्टी, मलम, गोळ्या यांपैकी एकाचाही उपयोग नव्हता. उपयोगी पडले ते फक्त हातमोजे. सौभाग्यवतीने ते मला घालायला लावले, त्याचे भिजलेले कपडे काढवले, साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवायला सांगितली. “ताक पाजू का?” शेजारच्या काकू म्हणाल्या. ती म्हणाली, “काही पाजायचं नाही, काकू, आणि ओकारीही काढायची नाही. तुम्ही १०८ ला फोन करा.” मग त्याला कुशीवर निजवले आणि चिरंजीवांना शेतावर पिटाळले, ती रिकामी बाटली आणायला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच होता, “कोणतं औषध?” बाटलीवरचे नाव पाहून त्यांनी उपचार सुरू केले. पाच दिवसांनी गडी घरी आला.

तेव्हापासून आमच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. वर ठळक अक्षरांत १०८. त्याखाली लिहिले आहे: भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे, टूथपेस्ट, शाई लावू नये. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णालय गाठावे, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचा उतारा तेथेच मिळतो. जुलाब झाल्यास आणि पाकीट संपले असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घरातील प्रत्येकाला, अगदी धाकट्या कन्येलासुद्धा, हा कागद तोंडपाठ आहे. आजीच्या बटव्यात सुंठ, हळद, वेखंड असे. पण कोणते केव्हा द्यायचे हे ज्ञान आजीजवळ असे. आजी गेली की बटव्याची नुसती पिशवी उरते. डब्याचेही तसेच आहे, वाचकहो.

तो गडी अजून फवारणीला जातो; न जाऊन कसे भागणार? मात्र हंगामात सकाळी तो आधी आमच्याकडे येतो आणि बाटली चिरंजीवांपुढे धरतो. “वाचून सांगा जी.” चिरंजीव आधी खूण पाहतात. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल निघाला, की तो काही न बोलता डब्याकडे हात करतो, आणि सौभाग्यवती हातमोज्यांची नवी जोडी त्याच्या हातावर ठेवते. म्हणून यंदाच्या यादीत हातमोज्यांपुढे मी ‘एक डझन’ असे लिहिले आहे.