आमची जुनी बुलेट

जुनी मोटारसायकल ठेवावी की विकावी, हा प्रश्न आज आपल्यातील पुष्कळ घरांत निघतो. नवी गाडी हप्त्यावर मिळते. जुनी मात्र दर महिन्याला काहीतरी मागतच असते. आमच्या पडेगावच्या घरी हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षे सुरू आहे. गाडी म्हणजे १९८६ सालची बुलेट, साडेतीनशेची. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती १९९७ साली जुनीच विकत घेतली. तेव्हापासून तिची बहुतेक कामे आम्ही घरीच करीत आलो आहोत. दर महिन्याच्या एका रविवारी अंगणात गोणपाट अंथरायचे, त्यावर पाने, पक्कड, फिलर गेज आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या मांडायच्या आणि कामाला लागायचे, असा हा शिरस्ता आहे.

दादा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. १९८५ साली वाळूजला बजाजचा मोठा कारखाना सुरू झाला, आजूबाजूला लहान कारखाने उभे राहिले, आणि आमच्या भागातील माणसे पाळीवर जाऊ लागली. एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात आणि त्यातल्या दोन-चार भागांवरून माल नापास होतो, हे आमच्या वडिलांच्या पिढीला त्या कारखान्यांनी शिकवले. ते ज्ञान कंपनीच्या फाटकाबाहेर फारसे कुणी आणले नाही. दादांनी ते अंगणात आणले.

तिथे काम करून बजाजची गाडी न घेता बुलेट का घेतली, असे त्यांना पुष्कळांनी विचारले. दादांच्या लहानपणी त्यांच्या गावात बुलेट एकाच वाड्यापुढे उभी असे. तिचा आवाज आला की रस्त्याच्या कडेला सरायचे, ही आमच्या आजोबांच्या पिढीची सवय. आम्ही मात्र दादांना कारण कधी विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती.

ही गाडी मूळची इंग्लंडातली. १९५५ साली मद्रासच्या मंडळींनी मूळ कंपनीच्या साहाय्याने एन्फिल्ड इंडिया ही कंपनी काढली आणि तिरुवोट्टियूर येथे बुलेट तयार होऊ लागली. लष्कराला व पोलिसांना दूरच्या, खराब रस्त्यांवर चालणारी गाडी हवी होती. पुढे रेडिचचा मूळ कारखाना १९६७ साली बंद पडला, १९७० पर्यंत इंग्लंडातले उत्पादनच थांबले, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला माल विकावा, यात आम्हाला तरी मोठी गंमत वाटते.

आमच्या गाडीचे बिडाचे इंजिन ३४६ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ९० मिलिमीटर. चाल लांब म्हणून तिचे ठोके सावकाश पडतात, आणि चढावर दोन माणसे व सामान घेऊनही ती कुरकुरत नाही. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. नवी गाडी चालवणारा पोरगा तिच्यावर बसला की पहिल्या चौकातच गोंधळतो. म्हणून ती कुणी उसनी मागत नाही, हा एक फायदाच.

किक मारण्यातही विचार लागतो. हेडलाइटवर एक ॲमीटर असतो. किक हळूहळू दाबत गेले की त्याचा काटा हलतो, आणि मध्यावर येऊन थांबला की पिस्टन वर आला असे समजायचे. मग डिकॉम्प्रेसरची छोटी पट्टी ओढून आतला दाब सोडायचा, पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, पट्टी सोडायची आणि मग पूर्ण किक. हे न करता नुसता जोर लावला तर किक उलटी येते आणि नडगी सोलून निघते. अंगात बळ असलेली कितीतरी माणसे बुलेटपुढे घामाघूम झालेली आम्ही पाहिली आहेत. आमची ताई मात्र अंगाने बारीक असूनही दुसऱ्या किकला गाडी सुरू करते.

घरी काय काय करता येते ते सांगतो. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त जाते, पांढुरका पडला असेल तर कमी जाते आणि इंजिन तापते. त्यानंतर पॉइंट. गाडीच्या उजव्या अंगाला गोल झाकणाखाली पॉइंट असतात. ते पूर्ण उघडलेल्या अवस्थेत त्यांच्यातली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी लागते. फिलर गेजची पात अडकून, पण ओरखडा न काढता सरकली पाहिजे. हे वाचून समजत नाही, बोटाला समजते. दादांनी आम्हा प्रत्येकाचे बोट धरून ते समजावले आहे.

टॅपेटचे काम त्याहून नाजूक. ते इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचे, म्हणून सकाळी चहाच्या आधी. पिस्टन दाबाच्या टोकाला आणून उजवीकडचे लहान झाकण काढायचे. आत दोन उभे दांडे दिसतात. ते बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. घट्ट झाले तर व्हॉल्व्ह जळतो, सैल झाले तर टक-टक आवाज येतो. जळण्यापेक्षा आवाज बरा, हे दादांचे मत, आणि ते बरोबर आहे.

तेलाकडे दुर्लक्ष करू नये. इंजिनाचे तेल वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे, डाव्या बाजूच्या क्लचच्या झाकणातले वेगळे. तेल बदलताना आतली फेल्टची गाळणीही बदलावी. नंतर इंजिन चालू ठेवून, वर डोक्याकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट किंचित सैल करून पाहावा. तेल पाझरले म्हणजे पंप काम करतो आहे. जुने तेल गटारीत ओतू नये. आम्ही ते डब्यात साठवून भंगारवाल्याला देतो.

हा सगळा खटाटोप हौस म्हणून सुरू झाला असेल, पण ब्रेकचे काम घरी आणण्याचे कारण वेगळे आहे. आमचे मामा चाळीसगावला राहतात. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड आणि मग औट्रम घाट उतरून चाळीसगाव, हा आमच्या बुलेटचा नेहमीचा रस्ता. २००९ साली दिवाळीआधी घाईत होतो म्हणून शहरातल्या एका गॅरेजात ब्रेक शू बदलून घेतले. दुसऱ्या दिवशी दादा आईला मागे बसवून निघाले. औट्रम घाटात तिसऱ्या वळणाशी समोरचा ब्रेक दाबला तो मुठीपर्यंत आला. केबलच्या ॲडजस्टरचा चेक नट आवळलेलाच नव्हता. बुलेटच्या थरथरीने ॲडजस्टर फिरत फिरत सैल झाला होता आणि केबल लोंबत होती. पुढे मालाने भरलेला ट्रक, एका अंगाला दरी. दादांनी गिअर उतरवत दुसरा, मग पहिला घातला, मागचा ब्रेक थोडा थोडा दाबत गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि उभी केली. आईला वाटले, दादा देखावा दाखवायला थांबले! हातात दहाचा पाना पाहिल्यावर तिने विचारले, "अहो, काय झालं?" दादा म्हणाले, "काही नाही, एक नट राहिला होता."

त्या मिस्त्रीला आम्ही दोष देत बसलो नाही. सणाच्या तोंडावर त्याच्या दारात वीस गाड्या उभ्या होत्या, आणि मजुरी गाडीमागे मिळते, नटामागे नाही. पण आपल्या आईला मागे बसवायचे असेल तर तो नट आपण स्वतः आवळून पाहिला पाहिजे, एवढे त्या दिवशी घरात ठरले. तेव्हापासून लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी दोन माणसे गाडी तपासतात. एकाने आवळायचे, दुसऱ्याने पाना लावून पाहायचे. चाकांचे नट, ब्रेकच्या केबली, हँडल, टायरमधली हवा, आणि चेनचा झोल, तो साधारण २५ मिलिमीटर. काम दहा मिनिटांचे आहे.

काही कामे मात्र घरी करू नयेत. सिलिंडर बोअर करणे, क्रँक उघडून बेअरिंग बसवणे यांना लेथ आणि प्रेस लागते. २०१४ साली पिस्टन बदलावा लागला तेव्हा सिलिंडर उतरवला आम्ही, पण बोअरिंगला लेथवाल्याकडे नेला, आणि बोअर कसा मोजतात ते उभे राहून पाहिले. हातोडीने बेअरिंग ठोकणारे शूर लोक असतात. त्यांच्या गाड्या नंतर महिनोन्‌महिने उभ्या असतात.

अलीकडे एक नवीच अडचण आली आहे. २०२५ पासून पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. उसापासून व धान्यापासून इथेनॉल होते, शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळते, त्याला आमची ना नाही. परंतु १९८६ ची गाडी त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी जमते आणि गंज धरतो. जुनी रबरी नळी फुगते किंवा तडकते, कार्ब्युरेटरमधली रबरी सीलही खराब होतात. आम्ही नळी इथेनॉल सोसणारी बसवली आहे. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करतो. जेट चोंदला तर तारेने खुपसू नये, भोक मोठे होते. फुंकर किंवा पंपाची हवा पुरते. नळी महिन्यातून एकदा वाकवून पाहावी. पेट्रोल गळते आणि शेजारी गरम इंजिन असते, एवढे ध्यानात ठेवले की आळस येत नाही.

आता विकण्याचा प्रश्न. अशी बिडाच्या इंजिनाची बुलेट २०१०-११ च्या सुमारास बनायची थांबली, त्यामुळे शहरातले शौकीन लोक तिला चांगली किंमत देतात. छत्रपती संभाजीनगरचा एक दलाल दोनदा येऊन गेला. दादांचे गुडघे आता किक मारू देत नाहीत. शिवाय नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्याप्रमाणे आमच्या गाडीची मुदत २०२६ ची. दुचाकीचे हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारसायकलींसाठी २,००० झाले. पर्यावरण कर वेगळा. आई म्हणाली, "एवढ्या पैशात पोरीची पुस्तकं येतील." आईचे म्हणणे खोटे नव्हते. त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे झाले आणि कुणाचेच समाधान झाले नाही.

पोरगी म्हणजे ताईची मुलगी. ती आयटीआयला फिटर ट्रेडला आहे, वर्गात मुली थोड्याच. दलाल दुसऱ्यांदा आला त्याच्या आदल्या रविवारी तिने टॅपेट एकटीने लावले. दादा खुर्चीवर बसून नुसते ऐकत होते. गाडी सुरू झाली, दादांनी डोळे मिटून मिनिटभर कान दिला आणि म्हणाले, "मागचा दांडा जरा घट्ट आहे. गार झाली की परत बघ." तिने संध्याकाळी झाकण उघडून पाहिले. तो खरोखरच घट्ट होता. "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?" असे ती विचारत राहिली, आणि दादा तिला आवाज समजावत बसले. आईने जेवायला दोनदा हाक मारली.

दलालाला नाही म्हणून सांगितले आहे. नूतनीकरणाचे पैसे ताईने बाजूला काढून ठेवले. तपासणीला जाण्याआधी हॉर्न, मागचा दिवा आणि समोरचे ब्रेक शू एवढे बदलायचे आहे. क्लच थोडा घसरतो, त्याच्या प्लेटी बदलायला पोरीच्या परीक्षेनंतरचा रविवार ठरला आहे.