उगाच उभा असलेला माणूस

इंग्रजी रहस्यकथा मराठीत आणताना खून, विष, मृत्युपत्र यांचा मला फारसा त्रास होत नाही. त्रास देतो तो गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस. सराफाच्या दुकानासमोर, दिव्याच्या खांबाखाली तो नुसता असतो. काही करत नाही, कुणाशी बोलत नाही. लेखक एक क्रियापद टाकून मोकळा होतो: लॉयटर. मग निस्तरायचं मी.

तसे शब्द काही कमी नाहीत. 'रेंगाळत होता' म्हटलं तर गडी निवांत वाटतो, घरी जायची घाई नसलेला. 'घुटमळत होता' लिहिलं की त्याला आत जायचंय पण धीर होत नाही असं होतं. उसने पैसे मागायला आलेला माणूस दाराशी घुटमळतो. 'त्याचे पाय तिथेच घोटाळत होते' म्हणावं, तर वाचक वरच्या खिडकीत कुणी मुलगी आहे का ते शोधायला लागणार. 'टेहळणी करत होता' लिहिलं की पुढच्या शंभर पानांचं रहस्य तिथेच फुटलं. आपल्या पोलिसांची स्वतःची एक मराठी आहे. रात्री असा कुणी सापडला तर ते 'स्वतःचे अस्तित्व लपवून संशयितरीत्या वावरत असताना मिळून आला' असं लिहितात. या वाक्यावर माझा जीव आहे, विशेषतः त्या 'मिळून आला'वर. जणू हरवलेली किल्ली. पण ते वापरलं की लंडनचा हवालदार एकदम ठाण्याच्या चौकीत येऊन बसतो, म्हणून मोह आवरावा लागतो.

शेवटी मी 'उगाच उभा होता' लिहितो. लॉयटरचं सगळं वजन त्या 'उगाच'मध्ये येतं. तुझं इथे काही काम नाही, आणि काम नसताना तू इथे आहेस, हाच तुझा गुन्हा. हा शब्द इंग्रजीत आला तो मधल्या काळातल्या डच भाषेतून. तिथे त्याचा अर्थ डुगडुगणं, सैल असणं असा होता. हलणाऱ्या दातासाठीही तो चाले. सैल माणसाचा संशयित माणूस इंग्रजीने केला.

आणि कायद्याने त्यावर शिक्का मारला. १९९२ साली शिकागो शहराने टोळ्यांना आवरण्यासाठी एक नियम केला. त्यात लॉयटर करणं म्हणजे दिसेल असा काही उद्देश नसताना एका जागी थांबणं, अशी व्याख्या होती. हे तर शब्दशः आपलं 'उगाच'. टोळीतला वाटणारा एक जण जरी घोळक्यात असला तरी पोलीस सगळ्यांना हटायला सांगू शकत. न हटणाऱ्याला अटक. तीन वर्षांत ८९ हजारांहून जास्त वेळा असे हुकूम सुटले आणि ४२ हजारांहून जास्त माणसं धरली गेली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम मोडीत काढला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचा मुद्दा असा, की मैदानाबाहेर थांबलेला माणूस कुणाला लुटायला थांबलाय की सॅमी सोसा हा बेसबॉलपटू बाहेर पडताना दिसावा म्हणून, याची या नियमाला फिकीरच नव्हती. उद्देश दिसतो की नाही हे ठरवणार कोण? तर समोर उभा असलेला पोलीस. अनुवादकाने हा निकाल जरूर वाचावा. एका क्रियापदाचा अर्थ कुणी लावायचा यावर एवढी मोठी माणसं भांडतात, हे पाहून बरं वाटतं.

याच शब्दाला मुंबईत उलटं वळण मिळालं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक २०११ साली आलं. मुंबईच्या रस्त्यावर बाईला नेहमी कामात असल्यासारखं दिसावं लागतं; तिला नुसतं, विनाकारण थांबता आलं पाहिजे, असं त्या म्हणतात. या शीर्षकाचं मराठी काय करावं यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. पुरुषांसाठी आपल्याकडे कट्टा आहे, चकाट्या पिटणं आहे, पारावरच्या गप्पा आहेत. तेच बाईला लावून बघा, लगेच 'उंडारणं' होतं.

असं बरंच घासल्यावर माझं एक मत झालंय. इंग्रजीतली उशिराची क्रियापदं बहुतेक खिडकीतून बघणाऱ्याची आहेत. लॉयटर, डॉडल, डॅली, स्टॉल: थांबलेल्याला दोष किती द्यायचा, याच्या त्या पायऱ्या. मराठीचं लक्ष मात्र अडकलेल्याकडे जातं. दुसऱ्यामुळे काम अडलं तर आपण खोळंबतो. उभं राहून पायांचे तुकडे पडले की ताटकळतो. साहेबाच्या दाराशी तिष्ठतो. निकाल लागत नाही तेव्हा प्रकरण रखडतं. या सगळ्यांना इंग्रजीत बिचारं एकटं वेट. आता यावर कुणी म्हणेल, टंगळमंगळ, चालढकल, टाळाटाळ, वेळकाढूपणा, चेंगटपणा हे काय लाडाचे शब्द आहेत? नाहीत. शिव्याही आपल्याकडे भरपूर आहेत. पण त्या आळशावर असतात. नुसत्या उभ्या असलेल्यावर नाहीत. म्हणून तर 'उगाच' बाहेरून आणून लावावा लागतो.

शिव्यांच्या बाबतीत अनुवाद अगदी सुखाचा होतो. शिली-शॅली हा शब्द 'शॅल आय, शॅल आय' या स्वतःशीच चाललेल्या प्रश्नातून आला. आपल्या 'करू की नको'चा तो सख्खा भाऊ. डिली-डॅलीसमोर टंगळमंगळ ठेवली की नादाला नाद मिळतो आणि संपादकही काही म्हणत नाहीत. प्रोक्रॅस्टिनेटच्या पोटात लॅटिनमधला 'उद्या' आहे. आजचं उद्यावर ढकलणारे आपण तिथेही परके नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचीही तीच गत. १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याशी करार झाला तेव्हा दहा वर्षांत काम उरकायचं ठरलं होतं. १८८४ मध्ये पहिला भाग निघाला, तेव्हा गाडी 'अँट'पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत पोचली होती. शेवटचा भाग निघायला १९२८ उजाडलं आणि मरे तर १९१५ मध्येच गेले. यांनीच आम्हाला दिरंगाईचे अर्थ सांगायचे.

सगळ्यात साधा दिसणारा वेट सगळ्यात जास्त घाम काढतो. मुळात तो पहाऱ्याचा शब्द. टपून बसणं, लक्ष ठेवणं हा त्याचा जुना अर्थ, आणि इंग्लंडमधल्या गावांत पहाऱ्याला जोडून वाद्यं वाजवणाऱ्यांनाही वेट्सच म्हणत. आपली वाटही पाहायचीच असते आणि प्रतीक्षेतही 'ईक्ष' म्हणजे पाहणं बसलेलं आहे. इतकं जुळूनही काम सोपं होत नाही. 'आय विल वेट' एवढंच एखादी बाई म्हणते, आणि मला ठरवावं लागतं की ती 'थांबते' म्हणाली की 'वाट पाहीन'. 'थांबते' म्हटलं तर ती खुर्ची ओढून बसली. 'वाट पाहीन' म्हटलं तर तिने आयुष्य पणाला लावलं. मूळ लेखकाला दोन्ही एकाच दमात म्हणता येतं. मला एक दार बंद करावंच लागतं, आणि बहुतेक वेळा मी 'थांबते'च्या बाजूने जातो. भावना वाचकाने घालावी. मी घातली तर ती मालिकेतल्यासारखी होते.

सध्या हातात असलेल्या कादंबरीत एक विधवा वकिलाच्या कचेरीत येऊन बसते. जिल्ह्याच्या गावी वकिलाकडे गेलेल्या माणसाला बसवून ठेवतात तसं तिला बसवून ठेवलं जातं. निवेदनात मी 'तिष्ठत' घातला, तिथे दुसरा शब्द शोभलाच नसता. मग वकील आतून येतो आणि सॉरी टू कीप यू वेटिंग म्हणतो. हे वाक्य इंग्रज दिवसातून दहा वेळा म्हणत असतील, त्यात क्षमा औषधालाही नसते. 'आपल्याला ताटकळत ठेवल्याबद्दल दिलगीर आहे' असं लिहिलं तर वकील एकदम सज्जन होऊन बसला असता, आणि तो तसा नाही. मराठी वकील दिलगीर होत नाही. तो फायलीतून मान वर न करता विचारतो, "फार वेळ झाला का येऊन?"

आणि मागच्याच पानावर भिंतीवरच्या घड्याळात दोन तास मोजून बसलेली ती बाई पदर सावरत म्हणते, "नाही हो, आत्ताच आले."

संपादकांनी 'पदर' खोडलाय, बाई इंग्लंडातली आहे म्हणून. ते बरोबर आहे. 'नाही हो' मात्र मी ठेवून घेतलं.