चार्लीचे भाषण

इंग्लंडमधील ऑल्डरशॉट या लष्करी छावणीच्या गावी, 1894 च्या सुमारास, एका नाट्यगृहात एक गायिका गात होती. प्रेक्षकांत बहुतेक शिपाई, आणि शिपाई काही मोठे सोशिक श्रोते नव्हते. गाता गाता बाईंचा आवाज एकाएकी बसला. प्रेक्षक हसू लागले, हुर्यो करू लागले. बाई आत आल्या. तेथे त्यांचा पाच वर्षांचा मुलगा उभा होता. दुसरे काही न सुचून व्यवस्थापकाने त्याचा हात धरला, त्याला रंगमंचावर आणून उभे केले आणि स्वतः निघून गेला.

दिव्यांच्या झगझगाटात मुलाने तेव्हाचे एक लोकप्रिय गाणे म्हणावयास सुरुवात केली. अर्धे गाणे होते न होते तोच समोरून पैशांचा पाऊस पडू लागला. मुलगा थांबला. आधी हे पैसे गोळा करतो, मग उरलेले गाणे म्हणतो, असे त्याने प्रेक्षकांना सांगून टाकले! व्यवस्थापक हातरुमाल घेऊन मदतीस धावला, तेव्हा हा गृहस्थ पैसे स्वतःच ठेवून घेणार अशी शंका मुलाला आली. तो त्याच्या पाठोपाठ आत गेला आणि पैसे आईच्या हाती पडल्यावरच परत आला. नाट्यगृह हास्याने दुमदुमून गेले. मग त्याने आईचे एक गाणे म्हटले, तेही तिच्या फाटलेल्या आवाजासकट. त्यात टिंगल नव्हती. जसे ऐकले होते तसे त्याने म्हटले, इतकेच.

हा मुलगा म्हणजे चार्ली चॅप्लिन. 1964 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग सांगितला आहे. त्या रात्री तो प्रथमच रंगमंचावर आला; त्याच्या आईची मात्र ती अखेरची रात्र ठरली. तिचा आवाज परत आला नाही. आवाजाबरोबर मिळकतही गेली, आणि सातव्या वर्षी चार्लीला दरिद्री लोकांसाठी असलेल्या आश्रयगृहात जावे लागले.

पुढे तो अमेरिकेस गेला. 1914 साली त्याने पडद्यावर आणलेला भटक्या साऱ्या जगाच्या ओळखीचा झाला. ढगळ विजार, आखूड कोट, भले मोठे बूट, इवलीशी टोपी, चिमूटभर मिशी आणि हातात लवलवती छडी! खिशात दमडी नाही, पण ऐट एखाद्या सरदाराची. थोर पुरुषांचा उल्लेख आपण आदराने ‘ते’ असा करतो. पण चार्लीला ‘अहो’ म्हणावयास मराठी जीभ काही केल्या वळत नाही. तो घरचाच वाटतो.

ते मूकपटांचे दिवस होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 सालचा. पडद्यावर मधूनमधून लिहिलेल्या ओळी येत. ज्यांना वाचता येत नसे त्यांची पंचाईत होई. चार्लीच्या चित्रपटांत मात्र ती पंचाईत फारशी नसे. ‘गोल्ड रश’ या 1925 सालच्या चित्रपटात भुकेला चार्ली स्वतःचा बूट शिजवून खातो. बुटाची नाडी तो शेवयांसारखी काट्यावर गुंडाळतो, खिळे हाडांसारखे चोखतो. हे समजावयास कोणती भाषा यावयास हवी? पाहणारा पोट धरून हसतो; आश्रयगृहातला सात वर्षांचा मुलगा ज्याला आठवतो, तो जरा बेतानेच हसतो. आपल्या देशात कच्छमधील आदिपूर या गावी चार्लीच्या वाढदिवशी, 16 एप्रिलला, मिरवणूक निघते. टोप्या घालून आणि मिशा रंगवून मुलेबाळे व थोर माणसे तीत चालतात.

1927 साली चित्रपट बोलू लागला. पाहता पाहता सगळे बोलके झाले. चार्ली तेवढा गप्प राहिला. त्याचा भटक्या बोलला असता तर इंग्रजीतच बोलला असता, आणि मग तो सगळ्यांचा राहिला नसता. म्हणून 1931 चा ‘सिटी लाइट्स’ त्याने मूकच ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनमध्ये त्याची व महात्मा गांधींची भेट झाली. यंत्रांना आपला विरोध का, असे चार्लीने विचारले. यंत्रांवर बनलेल्या मालाने हिंदुस्थानला इंग्लंडचे मिंधे केले, म्हणून आपले सूत आपणच कातावयाचे, असे गांधीजींनी त्याला समजावून सांगितले. मग प्रार्थनेची वेळ झाली. गांधीजी व त्यांची मंडळी जमिनीवर बसली आणि चार्ली कोचावर बसून ती प्रार्थना पाहत राहिला.

पाच वर्षांनी ‘मॉडर्न टाइम्स’ आला. त्यात चार्ली कारखान्यात पेच आवळण्याचे काम करतो. काम थांबले तरी त्याचे हात पेच आवळतच राहतात! नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्येही 1877 सालापासून हजारो माणसे अशीच यंत्रांपुढे उभी राहत आली होती. आणि 1936 या त्याच वर्षी गांधीजी, नागपूरहून फारशा दूर नसलेल्या वर्ध्याजवळच्या शेगावात चरख्यासह राहावयास आले. त्या शेगावचेच पुढे सेवाग्राम झाले.

याच चित्रपटात जगाने पडद्यावरच्या चार्लीचा आवाज प्रथम ऐकला. त्याला गाणे म्हणावयाचे असते. शब्द आठवत नाहीत म्हणून ते बाहीच्या पट्टीवर लिहिलेले असतात, आणि हात फेकताच नेमकी ती पट्टीच उडून जाते. मग तो कोणत्याही भाषेत नसलेले शब्द जोडून गातो. गाणे सगळ्यांना समजते!

पण गप्प बसणे अवघड व्हावे असे दिवस आले. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. तो चार्लीहून अवघ्या चार दिवसांनी लहान, मिशीही तशीच. 1940 च्या ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये चार्लीने त्याचे सोंग आणले आणि तशाच चेहऱ्याचा एक गरीब यहुदी न्हावीही रंगवला. लोक न्हाव्यालाच हुकूमशहा समजून भाषणास उभे करतात. पुन्हा समोर शिपाईच! मला सम्राट व्हावयाचे नाही, असे तो सांगतो. तुम्ही यंत्रे नव्हेत, माणसे आहात, जुलमी माणसांच्या हाती स्वतःला देऊ नका, असे विनवतो. टीकाकारांना भाषण लांबलेले वाटले. विनोद तेथे थांबतो, हे खरेच आहे. पण सव्वीस वर्षे मुका राहिलेला माणूस बोलावयास उभा राहिला, तर त्याला घड्याळ दाखवणे बरे नव्हे.

त्यानंतर 1942 साली, महायुद्ध ऐन भरात असताना, रशियाला लवकर मदत करा असे सांगणारी भाषणे त्याने जाहीर सभांतून केली. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. युद्ध संपल्यावर मात्र वारे फिरले आणि तीच भाषणे त्याच्याविरुद्ध पुढे करण्यात आली. 1952 साली तो बोटीने लंडनला निघाला असता, अमेरिकेत परतण्याचा त्याचा परवाना रद्द झाल्याची बातमी त्याला वाटेतच मिळाली. तो कुटुंबासह स्वित्झर्लंडमध्ये जाऊन राहिला.

वीस वर्षे गेली. 10 एप्रिल 1972 रोजी ऑस्कर समारंभात सन्मान स्वीकारण्यासाठी तो अमेरिकेत आला. वय त्र्याऐंशीला सहा दिवस कमी, केस पांढरेशुभ्र. तो रंगमंचावर येताच सारे सभागृह उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पाच मिनिटे झाली, दहा झाली; बारा मिनिटे लोक उभ्यानेच टाळ्या वाजवीत होते. त्याचे डोळे भरून आले. अखेर शांतता झाली. या क्षणी शब्द अगदी तोकडे वाटतात, एवढेच कसेबसे सांगून त्याने सर्वांचे आभार मानले. भाषण संपले.

मग कोणीतरी ती जुनी टोपी आणि छडी त्याच्या हाती दिली. त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि पूर्वीसारखीच टुणकन उडवून दाखवली.