बाबांची ठासणीची

आमच्या माणगाव खोऱ्यात नुसतं 'बंदूक' म्हटलं की ती ठासणीचीच. काडतुसाची असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि दर खेपेला गजाने ठासायचं. मागे निप्पलवर तांब्याची बारकी केप बसवायची. घोडा केपवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार होतो. निदान व्हावा अशी अपेक्षा असते. पावसाळी रात्री केप ओली झाली की नुसतं 'टक्' होतं, आणि डुक्कर कणग्याच्या वेलात तोंड खुपसून आपलं काम चालू ठेवतं.

आमची बंदूक आजोबांच्या वेळेपासूनची. परवान्याच्या पुस्तकात तिचं नाव 'एस.बी.एम.एल.', म्हणजे एकनळी, ठासणीची. कारण 'शेतीसंरक्षण'. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीची सोय मुद्दाम केलेली आहे. दिल्लीत बसून कायदा करणाऱ्या कुणाला तरी डुकरांनी लोळवलेलं भात ठाऊक असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

बाबांनी तिने शिकार अशी फारशी केली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिमग्याच्या पारधींवरही गदा आली, आणि बाबा कायदा पाळणारे. भात पोटरीला आलं की ते मळ्यातल्या माळ्यावर राखणीला जायचे. घोंगडी, बॅटरी, विड्यांचं बंडल, पत्र्याचा डबा आणि बंदूक. डबा रात्रभर वाजायचा, बंदूक एखाद्या वेळीच. सगळ्या हंगामात चार-पाच बार, तेही आभाळात. पण तो आवाज डोंगराला आपटून परत यायचा आणि अख्ख्या वाडीला कळायचं, आज डुकरं कुठल्या अंगाला आहेत.

मी कॉलेजात एनसीसीत असताना 'पॉइंट टू टू' रायफल चालवली. २५ यार्डांवर पालथं पडून नेम धरायचा. तिची गोळी म्हणजे पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे वेगळी केप नको, काही नको. बोल्ट मागे ओढा, गोळी घाला, बोल्ट लावा, चाप दाबा. घरी येऊन मी हे बाबांना मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती धुतत कशी?" मी म्हटलं, चिंधीला तेल लावून आतून पुसतात. त्यावर ते "हां" म्हणाले. ठासणीवाल्याच्या दृष्टीने बंदूक चालवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं ती धुण्याचं.

कारण काळी दारू जळली की नळीत जी काजळी राहते ती हवेतलं पाणी ओढून घेते. कोकणातल्या दमट हवेत दोन दिवसांत नळी आतून तांबडी. तेलाने ती काजळी सुटत नाही, पाण्याने सुटते. म्हणून बाबा सकाळी माळ्यावरून आले की चहाच्या आधी चुलीवर पाणी ठेवायचे. उकळतं पाणी नळीत ओतायचे, काळं पाणी निघायचं, मग करडं, मग स्वच्छ. नळी इतकी तापायची की आपोआप सुकायची. मग तेलाचा हात. लोखंडाला पाणी लावतात हे बघून शहरातले पाहुणे चकित व्हायचे.

बाबा २००८ च्या पावसाळ्यात गेले. परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. बाराव्यानंतर मी ती पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली. वारसाने अर्ज करायचा तर सातबारा, वैद्यकीय दाखला, वर्तणुकीचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. बहिणीने लगेच सही दिली. दादा डोंबिवलीला. तो फोनवर म्हणाला, "सरेंडर करून टाक. कोण बसणार आता राखणीला? आणि घरात पोरं आहेत." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दोन वर्षं विषय तिथेच राहिला.

त्या दोन वर्षांत डुकरं घरामागच्या परड्यापर्यंत आली. खालचा कोपरा आम्ही पडीक टाकला. तिकडे दोडामार्गात २००२ पासून हत्ती यायला लागलेले, त्यापुढे तर बंदूकही काय करणार! पण डुकराला आवाज पुरतो. तिसऱ्या वर्षी चतुर्थीला दादा आला तेव्हा आईने त्याला तो पडीक कोपरा दाखवायला नेलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. परत आल्यावर दादाने पेन मागितलं. "भरून ठेवायची नाही घरात, एवढं लक्षात ठेव," म्हणाला आणि सही केली.

परवाना हातात यायला आणखी दीड वर्ष गेलं. बंदूक मिळाली ती ओळखू येईना. ठाण्यातल्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती, वरून गळती. दस्ता मानेपाशी चिरलेला, घोडा जाम, नळीवर तांबेऱ्याचा थर. हवालदार भला माणूस. त्यांनी बॅटरी मारून नळीवरचा नंबर वाचायला घेतला आणि शेवटच्या आकड्यावर थांबले. गंजात तो ३ दिसत होता. परवान्यावर ८ होता. "साफ करून दाखवायला आणा, पण घासून आकडाच काढू नका," म्हणाले.

घरी आणल्यावर पहिलं काम, गज आत सोडून बघणं. बाबांनी गजावर चाकूने एक खूण केली होती. नळी रिकामी असेल तर गज खुणेपर्यंत आत जातो, भरलेली असेल तर खूण बाहेर राहते. बंदूक हातात घेतली की आधी हे, मग बाकीचं, असा त्यांचा दंडक. गज खुणेपर्यंत गेला. बाहेर काढला तर टोकाला चिकट, पिवळट तेल. शेवटचा बार काढल्यावर त्यांनी नळी धुऊन तेल भरून ठेवली होती. बाहेरून ती सडली, आतून तशीच होती.

आठ दिवस रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी निप्पलभोवती आणि घोड्याभोवती गुंडाळून ठेवली. रोज संध्याकाळी थोडं हलवून बघायचं, जोर करायचा नाही. नवव्या दिवशी निप्पल फिरलं. नळीला पॉलिशपेपर लावलाच नाही. नारळाचा काथ्या तेलात बुडवून पंधरा-वीस दिवस घासत होतो. आई सोप्यावर बसून बघायची. नंबरापाशी तर नुसता अंगठा आणि तेल. एके दिवशी ३ च्या डाव्या अंगाला रेघ उमटली आणि त्याचा ८ झाला.

घोड्याची कमान नरम झाली होती, ती कोल्हापूरच्या परवानावाल्या कारागिराकडून बदलून आणली. दस्त्यासाठी मेस्त्रींकडे गेलो. मला नवा दस्ता हवा होता, चांगला शिसवीचा. त्यांनी चिरेत नख घालून पाहिलं.

"नवो कित्याक? पितळेची पट्टी मारतंय, आणखी पन्नास वर्सा जायत."

"दिसायला बरा दिसेल ना, मेस्त्रीनू."

"दिसात. पण मग ती तुझी बंदूक होतली, बापाशीची रवाची नाय."

पट्टीच मारली. गालाला लागते त्या जागी दस्ता बाबांच्या घामाने काळा पडला आहे, तो तसाच राहिला. दसऱ्याला आईने तिला झेंडूची माळ घातली, कोयत्या-कुऱ्हाडींच्या ओळीत.

त्याच आठवड्यात मळ्यात गेलो. माळा मोडला होता, म्हणून बांधावरच उभा राहिलो. नुसती दारू आणि बोळा, छर्रे नाहीत, नळी आभाळाकडे. केप बसवली, चाप ओढला. आवाज डोंगराला लागून परत आला तसा मी धुरात उभा. वाडीतली कुत्री भुंकायला लागली, कुणीतरी पलीकडून "होय रेऽऽ" म्हणून ओरडलं.

घरी आलो तर आई दारात. चुलीवर पाणी ठेवलेलं होतं.

"आयकलंस?"

"आयकलंय. आदी बार आयकलो काय माका बरा वाटायचा. मानूस जागो आसा, कळायचा."

डुकरं तीन रात्री आली नाहीत. चौथ्या रात्री आली, बाबांच्या वेळी यायची त्याच ओहोळाच्या अंगाने. त्या आठवड्यात मी माळ्याला नवे वासे घातले.