'चुकून' कोणी मारले जात नाही

५ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ओक क्रीकच्या गुरुद्वारात लंगरची तयारी चालू होती. एका गोऱ्या वंशवाद्याने गोळीबार करून सहा शिखांचा जीव घेतला. "मुसलमान समजून चुकून मारले," असे अनेकजण म्हणाले. २००१ मध्ये ॲरिझोनात बलबीरसिंग सोढींचा खून झाला तेव्हाही हेच ऐकू आले.

आमचा आक्षेप या 'चुकून' शब्दालाच आहे. मुसलमान मेले असते तर ते बरोबर ठरले असते का? पगडी-दाढी पाहून माणसाची किंमत ठरवणारी नजर आम्ही ओळखतो. इथे ती आडनाव विचारते.

नामदेव, कबीर, रविदासांची वाणी गुरू ग्रंथ साहिबात आहे. धर्मांतराच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता. पंजाबात दलितांना वेगळे गुरुद्वारे उभारावे लागले, हेही आम्ही विसरत नाही. तो जाब आम्ही विचारत राहूच. पण गोळीबारात मेलेल्यांसाठी उभे राहताना आम्ही अटी घालणार नाही. बंधुता आपल्यापुरती ठेवली तर तिचीच जात होते.

जय भीम!