यीस्टची सोयरीक

मंडळी, ई अँड टीसीच्या पोराने यीस्टच्या लग्नावर लिहावं, म्हणजे जरा अतीच झालं, असं तुम्ही म्हणाल. पण काय करता? बारावीनंतर सोडलेली बायोलॉजी 'बायोलॉजी फॉर इंजिनिअर्स'च्या रूपाने मागच्या दाराने परत आली, आणि त्यातलं हे प्रकरण काही डोक्यातून जाईना.

पावाच्या यीस्टमध्ये दोन पक्ष असतात, 'ए' आणि 'आल्फा'. दोघेही एकपेशीय, दोघांनाही जागचं हलता येत नाही. मग स्थळ कळवायचं कसं? फेरोमोन सोडून! आल्फा पक्षाचा फेरोमोन म्हणजे 13 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. ती 'ए' पेशीच्या एसटीई2 या रिसेप्टरवर येऊन बसते. आपल्या भाषेत, हा अँटेना. यातलं एसटीई म्हणजे 'स्टराइल'. हे जनुक बिघडलं की ती 'ए' पेशी जन्माची ब्रह्मचारी!

अँटेनाला आतून जी प्रोटीन जोडलेलं असतं, तीन तुकड्यांचं. सिग्नल आला की पहिला तुकडा जीडीपी सोडून जीटीपी धरतो आणि उरलेली दोघांची जोडी सुटी होते. यीस्टमध्ये पुढचा निरोप ही जोडीच नेते. मग किनेज एन्झाइमांची रांग एकामागून एक जागी होते. पेशी विभाजन थांबवते आणि जिकडून फेरोमोन जास्त येतोय, तिकडे नाक काढून वाढू लागते. या आकाराला 'श्मू' म्हणतात. अल कॅप या अमेरिकन व्यंगचित्रकाराने 1948 साली काढलेल्या एका पात्राचं हे नाव.

पण मला खरी गंमत वाटली ती सिग्नल बंद करण्याची. एसएसटी2 नावाचं प्रोटीन जी प्रोटीनचा स्विच लवकर बंद करतं. शिवाय 'ए' पेशी बार1 नावाचं एन्झाइम बाहेर सोडते, ते आल्फाचा फेरोमोन चक्क कापून टाकतं. आलेलं स्थळ स्वतःच फाडायचं? हो! कारण ही यंत्रणा बिघडवली की पेशी जराशा फेरोमोननेही पेटून उठते, पण त्यातला जवळचा, जोरात बोलावणारा जोडीदार कोणता, हे तिला नीट ओळखता येत नाही. गेन वाढला, दिशा गेली. अँप्लिफायर सॅच्युरेट झाला, दुसरं काय!

हे वाचताना मला माझा पंप आठवला. मला दमा आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री श्वास अडकला, तेव्हा रूममेटने माझ्या बॅगेतून तो शोधून हातात दिला. त्यातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूंवरच्या बीटा-2 रिसेप्टरवर बसतं. तोही यीस्टच्या अँटेनाच्याच घराण्यातला, त्यालाही आतून जी प्रोटीनच जोडलेलं! माणसात असे सुमारे 800 रिसेप्टर आहेत. जी प्रोटीनच्या शोधाला 1994 चं आणि या रिसेप्टरांच्या अभ्यासाला 2012 चं नोबेल मिळालं.

डॉक्टर मला बजावतात, "पंप ऊठसूट ओढू नकोस, त्याचा असर कमी होतो." आता कळलं का ते. सारखा सिग्नल मिळत राहिला की पेशी ते रिसेप्टर बंद करते, काही तर आत ओढून घेते. मग खरी गरज पडेल तेव्हा ऐकायला कोण?

प्लेसमेंटच्या दिवसांत आपल्या ग्रुपवर रात्रंदिवस टिंग टिंग चालू असते. कुठे पॅकेज, कुठे कटऑफ, कुठे नुसतीच अफवा. मी रात्री दहानंतर ग्रुप म्यूट करतो. मित्र म्हणतात, "शिष्ट आहेस!" मी म्हणतो, "नाही रे बाबा, बार1 सोडतोय."